आभासी फिती आणि कामगाराचा हजेरीपट

संगणकावरील माहितीची राखीव प्रत कशी ठेवावी, हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत का घ्यावा, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. मी संगणकशास्त्र शिकलेला नाही. माझे शिक्षण रात्रशाळेत झाले, आणि पुढचे जे काही झाले ते लेबर कोर्टाच्या पायऱ्यांवर, कामगार आयुक्तांच्या कचेरीतील बाकांवर आणि युनियनच्या कपाटातील फाइलींत. परंतु गेल्या वीस वर्षांत ह्या फाइली एकेक करून संगणकात गेल्या. आणि कामगाराचा पुरावा आता कोठे राहतो, किती दिवस राहतो व कोणाच्या हुकमाने पुसला जातो, हे समजून घेतल्यावाचून माझे काम पुढे सरकेना. म्हणून हा अभ्यास मला करावा लागला. जे कळले ते शक्य तितक्या साध्या भाषेत आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम जुन्या जमान्यातले एक उदाहरण घेऊ. मुंबईतील बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या कामगारांना घरे देण्याची योजना म्हाडामार्फत राबविली गेली. तिच्यात पात्र ठरण्यासाठी आपण 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर होतो, हे कामगाराला दाखवावे लागते. तारीख बोलकी आहे. गिरण्यांचा मोठा संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला. दाखवावयाचे कशाने? तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, रजेच्या वहीचा उतारा, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, राज्य विमा योजनेचा क्रमांक, पगाराची पावती, असल्या कागदांनी. 2023 साली हे कागद सादर करण्याची मोहीम निघाली, तेव्हा संपाला एकेचाळीस वर्षे झाली होती. कामगारांच्या विधवा आणि मुले पत्र्याच्या ट्रंकांतून पिवळे पडलेले कागद काढून रांगेत उभी राहिली.

त्या कागदाचा एक गुण आपण सहसा लक्षात घेत नाही. तो कोणाची परवानगी न घेता टिकत असे. कोणी जाळला नाही, वाळवीने खाल्ला नाही, पुरात भिजला नाही, तर चाळीस वर्षांनी ट्रंकेतून जसाच्या तसा निघे. त्यासाठी कोणी काही ठरवावे लागत नसे. संगणकातील नोंदीचे तसे नाही. ती मुद्दाम टिकवावी लागते, आणि किती दिवस टिकवावयाची हे आगाऊ लिहून ठेवावे लागते. ते जेथे लिहितात ती जागा आज आपल्याला पाहावयाची आहे.

आणि ही बाब लहानसहान नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली नोकरीवरून काढलेल्या कामगाराला नुकसानभरपाईचे संरक्षण हवे असेल, तर त्याने आधीच्या बारा महिन्यांत 240 दिवस काम केलेले असावे लागे. हे 240 दिवस सिद्ध कोणी करावयाचे? कर्नाटकातील वनखात्याच्या एका मजुराच्या प्रकरणात 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ती जबाबदारी कामगाराची. त्याने नुसते प्रतिज्ञापत्र केले म्हणजे पुरावा झाला असे नाही. पुढे 2005 सालच्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने ही गोष्ट थोडी सैल केली. रोजंदारीच्या माणसाकडे नेमणूकपत्र नसते, पगाराची चिठ्ठी नसते. तेव्हा त्याने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे आणि मालकाकडून मस्टर व पगारपत्रके हजर करण्याची मागणी करावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे पुरावा कामगाराने द्यावयाचा, पण वही मालकाच्या कपाटात. आता ते कपाटही राहिले नाही. 2017 साली केंद्र सरकारने नऊ कामगार कायद्यांखालील 56 नोंदवह्या व नमुन्यांच्या जागी 5 नोंदवह्या केल्या आणि त्या संगणकावर ठेवण्यास मुभा दिली. मालकवर्गाला हा सुटसुटीतपणा आवडला. मलाही त्यात काही वाईट दिसत नाही. प्रश्न एवढाच की मस्टर हजर करा असा हुकूम कोर्टाने काढला, त्या दिवशी ते अस्तित्वात असेल काय?

आता यंत्राकडे वळू.

एखाद्या कचेरीत वीसपंचवीस संगणक असतात. एकावर पगार, एकावर हजेरी, एकावर स्टोअरचा हिशेब. रोज संध्याकाळी कोणी माणूस पेनड्राइव्ह घेऊन प्रत्येकापुढे जाऊन बसेल आणि प्रत काढील, ही अपेक्षा फुकट आहे. दोन आठवडे करील आणि तिसऱ्या आठवड्यात सोडून देईल. म्हणून जाळ्याने जोडलेल्या सर्व संगणकांची राखीव प्रत रात्री आपोआप काढणाऱ्या प्रणाली निघाल्या. मोठ्या कंपन्या नेटबॅकअप, नेटवर्कर अशा किमती प्रणाली वापरतात. मी उदाहरणाला बॅक्युला घेतो, कारण ती फुकट मिळते आणि तिची घडण कोणालाही उघडून वाचता येते. केर्न सिबाल्ड ह्या गृहस्थांनी ती 2000 साली लिहावयास घेतली. पुढे तिच्यातून बारेऑस नावाची शाखा फुटली. शब्द इकडेतिकडे बदलतात, सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखाच. आणि हा विषय काही सातासमुद्रापलीकडचा नव्हे. नेटबॅकअप बनविणाऱ्या व्हेरिटास कंपनीचे बरेचसे काम पुण्यात चालत असे, आणि ड्रुवा ही ह्याच धंद्यातली कंपनी 2008 साली पुण्यातच निघाली.

ह्या प्रणालीत तीन पात्रे असतात. पहिला मुकादम, त्याला डायरेक्टर म्हणतात. कोणत्या रात्री, किती वाजता, कोणत्या संगणकाची, कसली प्रत काढावयाची हे त्याच्या वहीत असते. दुसरे त्याचे हस्तक. प्रत्येक संगणकावर एकेक बसविलेला असतो आणि मुकादमाने हाक मारली की आपल्याकडची माहिती गोळा करून देतो. तिसरा भांडारी, म्हणजे आपल्या कारखान्यातला स्टोअरकीपर. माल ठेवणे आणि मागितल्यावर काढून देणे हे त्याचे काम. शिवाय एक नोंदवही असते, कॅटलॉग. कोणती फाइल कोणत्या तारखेला कोणत्या फितीवर गेली, हे तिच्यात लिहिलेले असते. आपला आजचा विषय मुख्यतः ह्या भांडाऱ्याचा.

मी 'फितीवर' म्हणालो, ते अनवधानाने नव्हे. 1951-52 च्या सुमारास अमेरिकेत संगणकाला चुंबकी फीत जोडली गेली, आणि पुढची चाळीसपन्नास वर्षे राखीव प्रत म्हणजे फीत हे समीकरण पक्के झाले. फितीचे काही स्वभाव आहेत. तिच्या सुरुवातीला नाव लिहावे लागते, म्हणजे लेबल. तिच्यावर एकामागून एक असेच लिहिता येते. मधलेच वाचावयाचे तर तेथपर्यंत फीत गुंडाळत जावे लागते. एका यंत्रात एका वेळी एकच फीत बसते. भरली की काढून फळीवर ठेवावयाची. आणि मुदत संपली की तीच पुन्हा यंत्रात घालून जुन्यावर नवे लिहावयाचे. भांडाऱ्याची सारी घडण ह्या स्वभावांवर झालेली आहे.

पुढे डिस्क स्वस्त झाल्या. डिस्कवर हवे तेथे चटकन जाता येते, फीत गुंडाळीत बसावे लागत नाही. पण भांडाऱ्याला फितीखेरीज दुसरी भाषा येईना. तेव्हा युक्ती निघाली ती अशी, की डिस्कवर एक फाइल करावयाची आणि भांडाऱ्याला सांगावयाचे की ही फीत. आय.बी.एम. कंपनीने 1997 साली मोठ्या संगणकांसाठी असे यंत्र विकावयास काढले. त्यात बाहेरून फीत दिसे आणि आत डिस्क असे. नाटकात राजाची भूमिका करणाऱ्या नटाला रंगमंचावरचे सगळे मुजरा करतात, त्याच्या हुकमाने नाटक पुढे जाते, आणि नाटकापुरता तो राजाच असतो. तशी ही आभासी फीत. कामाला ती अगदी खरी आहे. तिचे आभासीपण कोठे उघडे पडते ते पुढे येईलच.

आता हे आभासी यंत्र मांडतात कसे? त्यासाठी साध्या मजकुराची एक फाइल असते आणि तिच्यात ओळी लिहावयाच्या असतात. एका ओळीत यंत्राचे नाव. दुसरीत पत्ता: पूर्वी येथे खऱ्या फितीच्या यंत्राचा पत्ता लिहीत, आता डिस्कवरील एका कप्प्याचा लिहितात. तो कप्पा म्हणजे यंत्र, आणि त्यात तयार होणारी एकेक फाइल म्हणजे एकेक फीत. मग दोनचार ओळी स्वभाव सांगणाऱ्या: हे यंत्र काढण्या-घालण्याजोगे नाही, ह्यात हवे तेथे उडी मारून वाचता येते, नवी फीत लागली तर लेबल तुझे तूच लाव, माणसाची वाट पाहू नको. एवढे लिहिले की भांडारी कामाला लागतो. पहिल्या रात्री सर्व काही सुरळीत होते, आणि मांडणारा समाधानाने घरी जातो.

ह्यांतली एक ओळ मात्र दिसते साधी पण पुढे गोत्यात आणते. तिला मीडिया टाइप म्हणतात, म्हणजे फितीची जात. खऱ्या फितींत जाती असत. एका जातीची फीत दुसऱ्या यंत्रात बसत नसे, म्हणून ही ओळ. आभासी यंत्राच्या बाबतीत बहुतेक लोक येथे नुसते 'फाइल' असे लिहितात. यंत्र एकच असेल तर बिघडत नाही. पण समजा दोन डिस्कांवर दोन कप्पे आहेत, दोन यंत्रे मांडली आहेत आणि दोघांचीही जात 'फाइल' लिहिली आहे. मग भांडारी समजतो की कोणतीही फीत कोणत्याही यंत्रात चालेल. प्रत काढताना हे कळत नाही. सहा महिन्यांनी कोणी जुनी फाइल परत मागितली, की तो पहिल्या कप्प्यातली फीत दुसऱ्या कप्प्यात शोधीत बसतो आणि मिळत नाही म्हणून सांगतो. फीत जागच्या जागी असते. फक्त तो चुकीच्या फळीवर हात घालीत असतो. म्हणून प्रत्येक कप्प्याला त्याची स्वतंत्र जात द्यावी. ओळ एक, पण ती कोर्टाच्या तारखेच्या आदल्या रात्री आठवून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट यंत्रांच्या संख्येची. एका यंत्रात एका वेळी एकच फीत, हा नियम आभासी यंत्रालाही लागू आहे. अंधेरी स्टेशनवर तिकिटाची एकच खिडकी उघडी असेल तर काय होते, हे आपणास सांगावयास नको. वीस संगणकांची प्रत रात्री अकराला एका यंत्रावर सोडली, की रांग लागते. सकाळी लोक कामावर आले तरी ती संपत नाही, आणि मग कोणीतरी कंटाळून अर्ध्या नोकऱ्या रद्द करतो. प्रत काढण्याच्या कामाला ह्या भाषेत 'जॉब' म्हणतात. नोकऱ्या रद्द होतात म्हटल्यावर माझ्यासारख्याचे कान टवकारतात, पण ते असो. उपाय सोपा आहे. त्याच कप्प्याकडे बोट दाखविणारी चारसहा यंत्रे मांडावयाची आणि त्यांची एक टोळी करून मुकादमाला टोळीचे नाव द्यावयाचे. आभासी असल्यामुळे यंत्रे वाढविण्यास पैसा पडत नाही. प्रत्येक यंत्रावर एका वेळी एकच काम, असेही लिहून टाकावे. म्हणजे एकाच फितीवर दोघांचा मजकूर एकमेकांत मिसळत नाही आणि परत काढणे सोपे जाते.

आता मी ज्या ओळीसाठी हे व्याख्यान घेतले तिच्याकडे येतो.

फितींचे गट पाडतात. त्यांना पूल म्हणतात. संपूर्ण प्रतीचा एक गट, रोजच्या बदलांचा एक, मधल्या बदलांचा एक. प्रत्येक गटाला तीन आकडे द्यावयाचे असतात: एक फीत किती मोठी होऊ द्यावयाची, फिती किती, आणि लिहिलेले किती दिवस राखावयाचे. बारेऑस प्रणाली बसविली की हे आकडे तयारच येतात. संपूर्ण प्रतीच्या फिती 50 गिगाबाइटच्या, जास्तीत जास्त 100, मुदत 365 दिवस. मधल्या बदलांच्या 10 गिगाबाइटच्या 100, मुदत 90 दिवस. रोजच्या बदलांच्या 1 गिगाबाइटच्या 100, मुदत 30 दिवस. हिशेब करा: 5000, अधिक 1000, अधिक 100, एकूण 6100 गिगाबाइट. आपली डिस्क 2000 गिगाबाइटची असेल, तर गटाची मर्यादा गाठण्याआधीच डिस्क भरेल आणि एका रात्री सगळे काम ठप्प होईल. तेव्हा फितीचे माप आणि संख्या डिस्क पाहून ठरवावी, तयार आकड्यांवर विसंबू नये. एकच अजस्र फीत करणेही बरे नव्हे. कारण मुदत संपली की नाही हे अख्ख्या फितीचे पाहिले जाते, तिच्यावर शेवटचे लिहिल्यापासून दिवस मोजले जातात. थोडक्या मुदतीचा आणि लांब मुदतीचा मजकूर एकाच फितीवर गेला, तर एक तर नको ते अडून बसते किंवा हवे ते जाते.

पण माझे लक्ष मुदतीच्या आकड्यावर आहे. 365 दिवस संपले म्हणजे काय होते? त्या क्षणी काहीच होत नाही. प्रथम नोंदवहीतून त्या फितीच्या नोंदी काढल्या जातात. फितीवर मजकूर अजून असतो. मग ती फीत 'मोकळी' समजली जाते. नव्या कामाला फीत हवी झाली, की मोकळ्या फितींतून एक उचलली जाते आणि तिच्यावर पहिल्यापासून नवे लिहिले जाते. त्यानंतर जुना मजकूर परत आणण्याचा मार्ग नाही.

आता एका माणसाचा विचार करा. त्याला मार्चमध्ये कामावरून काढले. युनियनने तक्रार केली, समेटाच्या बैठका झाल्या, फिसकटल्या, प्रकरण लेबर कोर्टात गेले. पुराव्याची पाळी येईपर्यंत तीनचार वर्षे सहज जातात. आपण सर्वांनी हे पाहिले आहे. मधल्या काळात कंपनीने हजेरीची जुनी प्रणाली काढून नवी घेतली आणि नव्या प्रणालीत फक्त चालू कामगारांची नावे उतरविली. जुनी हजेरी आता फक्त जुन्या फितींवर. आणि त्या फितींची मुदत एक वर्ष. कोर्ट म्हणते मस्टर हजर करा. कंपनीचा वकील प्रामाणिकपणे सांगतो की उपलब्ध नाही. कोणी दुष्टपणाने काही पुसलेले नाही. पेटीतून आलेला आकडा कोणी बदलला नाही, एवढेच झाले.

म्हणून बॅकअप आणि दप्तर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो. काल संध्याकाळी यंत्र बिघडले, तर आज सकाळी काम पुन्हा सुरू व्हावे म्हणून बॅकअप. त्याला वर्षाची मुदत पुष्कळ झाली. दप्तर चाळीस वर्षांसाठी असते. हजेरी, पगार, फंडाची वर्गणी, अपघाताची नोंद, ह्यांच्यासाठी स्वतंत्र गट करावा, त्याच्या फिती स्वतंत्र ठेवाव्या, मुदत वर्षांत नव्हे तर दशकांत लिहावी आणि फीत पुन्हा वापरण्याची मुभा त्या गटापुरती बंद करावी. शिवाय त्या नोंदी वर्षाकाठी एकदा साध्या, कोणत्याही यंत्रात उघडेल अशा तक्त्याच्या रूपात काढून ठेवाव्या. कारण आभासी फीत वाचावयास ती प्रणालीच लागते, आणि तीस वर्षांनी ती कोठे मिळेल ह्याची हमी कोण देणार? नोंदवही हरवली तर फिती वाचून ती पुन्हा बांधण्याची साधने बॅक्युलामध्ये आहेत, पण ते काम वेळखाऊ आहे; तेव्हा नोंदवहीचीही प्रत रोज घ्यावी. हे शहाणपण तयार आराखड्यातच दिलेले असते, ते कोणी काढून टाकू नये म्हणजे झाले.

मुदत झाली, आता जागा. 26 जुलै 2005 हा दिवस उपनगरात राहणाऱ्या कोणाला विसरता येणार नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी कुर्ल्यात, कलिन्यात, साकीनाक्याच्या पट्ट्यात घराघरांत शिरली. त्या भागातील एका कारखान्यात आमचे सभासद होते. तेथे राखीव प्रत नियमाने काढली जात असे. कागदोपत्री काही कमी नव्हते. पण प्रतीची डिस्क त्याच खोलीत, त्याच टेबलाखाली. तळमजल्यावर कमरेइतके पाणी चढले आणि मूळ व प्रत दोन्ही एकाच वेळी बुडाली. पुढे ग्रॅच्युइटीच्या वेळी कित्येकांची सेवेची वर्षे ठरविण्यासाठी आम्हाला फंडाच्या चिठ्ठ्या, सोसायटीच्या कर्जाची पुस्तके, अगदी दिवाळीच्या बोनसच्या पावत्यासुद्धा गोळा कराव्या लागल्या. काहींची दोनतीन वर्षे शेवटपर्यंत सापडली नाहीत, आणि दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार ह्या हिशेबाने त्यांचे तेवढे नुकसान झाले.

येथे आभासी फितीचे आभासीपण उघडे पडते. खरी फीत यंत्रातून काढून माणूस ठाण्याला नेऊन ठेवू शकत होता. आभासी फीत डिस्कबाहेर जात नाही. ती मुद्दाम दुसरीकडे पाठवावी लागते, आणि पाठविण्याची ओळ लिहिली नसेल तर ती जात नाही.

पूर हे एक संकट झाले. दुसरे जाळ्यातूनच येते. 27 जून 2017 रोजी नोटपेट्या नावाच्या विषाणूने जगभर धुमाकूळ घातला. मर्स्क ह्या जहाज कंपनीच्या समूहाकडे आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातील एक टर्मिनल आहे. तेथील संगणक बंद पडले आणि काम खोळंबले. त्या कंपनीत कोणत्या माणसाला कोठे प्रवेश आहे ह्याची यादी ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर पसरलेले होते आणि ते एकमेकांशी सतत मेळ राखीत. एक गेला तर दुसरा आहेच, अशी समजूत. पण विष जाळ्यातून आले, आणि जे जे जोडलेले होते ते सारे एकदम गेले. वाचला एकच, आफ्रिकेतील घाना देशातला; कारण त्या वेळी तेथे वीज गेली होती आणि तो जाळ्याबाहेर होता. त्यावरून कंपनीने आपला कारभार पुन्हा उभा केला. आपल्याकडे वीज गेली की आपण शिव्या देतो. येथे वीज गेल्यामुळे एक जगड्व्याळ कंपनी सावरली.

गूगलचेही उदाहरण आहे. 2011 च्या फेब्रुवारीत एका चुकीच्या दुरुस्तीमुळे जीमेल वापरणाऱ्यांपैकी शेकडा 0.02 लोकांची टपालपेटी रिकामी झाली. माहितीच्या अनेक प्रती अनेक ठिकाणी होत्या, पण चूक सर्व प्रतींपर्यंत पोचली. शेवटी ती पत्रे खऱ्या चुंबकी फितींवरून परत आणली गेली. छायाचित्रकार पीटर क्रोग ह्यांनी एक हिशेब लोकप्रिय केला आहे: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या गावी. आमच्या युनियनच्या कचेरीत आम्ही त्यात एवढीच भर घातली आहे की दुसऱ्या गावची डिस्क महिन्यातून एक दिवस जोडावयाची आणि एरवी तिची तार काढून ठेवावयाची.

आता आपण म्हणाल, हे सारे मालकाच्या संगणक खात्याचे काम. युनियनने त्यात काय करावे? बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी 1983 साली बँकांशी यंत्रीकरणाबद्दल करार केला. त्या वेळी प्रश्न होता तो यंत्रे कोठे आणि किती बसवावयाची, माणसे कमी होतील काय, हा. त्याच्याही आधी, साठीच्या दशकात, आयुर्विमा महामंडळातील कर्मचारी संगणकाच्या विरोधात उभे राहिले होते. त्यांना आज कोणी हसतात. मी हसणार नाही, कारण पोटाची भीती खरी असते. परंतु संगणक आले आणि राहिले. अंधेरीत सीप्झची वसाहत 1973 साली निघाली. तिकडे घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लाल बहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने एकामागून एक बंद होऊन तेथे इमारती उभ्या राहिल्या. त्या कारखान्यांतील मस्टरे कोठे गेली, हे विचारावयास आज दारावर पहारेकरीसुद्धा नाही. म्हणून कारखाना चालू आहे तोवर करारात लिहून घ्यावे, असे माझे मत आहे. हजेरी व पगाराच्या नोंदी किती वर्षे राखणार, तो आकडा करारात असावा. त्यांची एक प्रत कारखान्याच्या आवाराबाहेर असावी. वर्षातून एकदा युनियनच्या प्रतिनिधीसमोर पाच वर्षांपूर्वीच्या कोणत्याही एका महिन्याचे मस्टर फितीवरून परत काढून दाखवावे. आणि कारखाना बंद होईल किंवा विकला जाईल, तेव्हा ह्या नोंदी कोणाच्या ताब्यात जाणार तेही आधी ठरावे.

ह्यांतली तिसरी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि व्यवस्थापन तिलाच सर्वांत जास्त टाळते. बॅकअप यशस्वी, असा हिरवा शेरा रोज सकाळी पडद्यावर येतो. त्याचा अर्थ एवढाच की लिहिले गेले. वाचता येते की नाही, हे वाचून पाहिल्याशिवाय कळत नाही. मी एका वाटाघाटीत ही मागणी मांडली, तेव्हा समोरचे साहेब म्हणाले, तुमचा आमच्यावर विश्वास नाही काय? मी म्हटले, विश्वास तुमच्यावर आहे, डिस्कवर नाही. त्या दिवशी आमच्यासमोर एक जुना महिना काढून पाहण्यात आला. दोन तास लागले, पण निघाला.

एक दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी एकांगी बोललो असे होईल. सगळेच कायमचे राखून ठेवणे कामगाराच्या हिताचे नसते. कोण संपात होता, कोणी कोणत्या सभेला हजेरी लावली, कोणाला कोणता आजार झाला, असल्या याद्या वीस वर्षे फितींवर पडून राहाव्या असे मला वाटत नाही. व्यक्तीच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे 2023 साली झाला; काम संपल्यावर माहिती पुसावी हे तत्त्व त्यात आहे. तेव्हा हजेरीच्या गटाला दशकांची मुदत आणि असल्या याद्यांना महिन्यांची, अशी वेगवेगळी लिहिता आली पाहिजे. गट वेगळे पाडले तरच हे जमते. सगळे एका फितीवर कोंबले तर ना राखता येत, ना पुसता येत.

शेवटी, ज्यांच्या कारखान्यात युनियन नाही, करार नाही, आणि आज अशांचीच संख्या मोठी आहे, त्यांनी काय करावे? 2014 पासून प्रॉव्हिडंट फंडाच्या प्रत्येक सभासदाला बारा आकडी यू.ए.एन. क्रमांक मिळतो आणि त्यावरून आपले पासबुक संगणकावर किंवा मोबाइलवर पाहता येते. त्यात कोणत्या महिन्यात कोणत्या मालकाने किती भरले हे दिसते, म्हणजे त्या महिन्यात आपण कोठे नोकरीत होतो ह्याला एक आधार मिळतो. ते दर तीन महिन्यांनी उतरवून घ्यावे. एक प्रत मोबाइलमध्ये राहू द्यावी, एक मुलाच्या किंवा भावाच्या ईमेलवर पाठवावी, आणि एक कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून, तारीख घालून, घरातल्या ट्रंकेत ठेवावी.